रिकाम्या जागेत दिसलेली किल्ली

चिखलीतली आमची खोली आणि शेजारचं प्रेस शॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती. पलीकडे पत्रा दाबणारं मशीन खाली आलं की अलीकडे आमच्या फळीवरची भांडी बोटभर पुढं सरकायची, आणि आई ती न बघता मागं ढकलायची. भाकरी थापता थापता, बोलता बोलता. धाड, आणि मग आईचा हात. डोक्यावर पत्रा होता. उन्हाळ्यात तो इतका तापायचा की आपण खोलीत नसून तव्याखाली बसलोय असं वाटे. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांनी वायरी जाळल्या की तो वास थेट आमच्या पिठात शिरायचा. माझे वडील, अण्णा, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेले होते. ठेकेदाराच्या माणसाला कॅन्टीनमध्ये जेवता येतं, पण पर्मनंटवाल्यांचं उरकल्यावर. वर दर काही महिन्यांनी 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे घरी बसवून पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायचे, म्हणजे कायमचा हक्क लागायला नको. लातूरकडून आलो तेव्हा अण्णा रोज म्हणायचे, पर्मनंट झालो की दोन खोल्या घेऊ. मग ते म्हणायचं बंद झालं. आई कामगारांचे डबे करायची. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी. कुणी म्हणालं, मावशी, चपाती मिळंल का, तर ती मान वर न करता म्हणायची, "भाकरी खायची तर खा म्हणावं. न्हाईतर हाटेलं काय कमी हायेत का." गिऱ्हाईक तोडायची आमची ऐपत नव्हती, पण तिची जीभ ऐपत बघून चालत नसे. माझ्या स्वभावातला तुसडेपणा कुठून आला असं लोक विचारतात, तर तो तिथून आला.

हल्ली मला शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात, आणि ओळख करून देणारा माणूस हमखास म्हणतो की गरिबीनं मॅडमना घडवलं. गरिबीनं कुणी घडत नाही. गरिबीनं माणूस शिणतो आणि त्याचे दात लवकर पडतात. अण्णांचे पडले. मला घडवलं असेल तर आजूबाजूच्या माणसांच्या बिनडोकपणानं. तो आमच्या भागात भरपूर होता आणि फुकट मिळत होता.

मी इंजिनिअरिंगला गेले ती फी-सवलतीवर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात माझ्या हातून नको. दर्शनी भागात काचा, मागं अर्धवट बांधलेली इमारत, आणि फाटकाबाहेर झेरॉक्सची दुकानं. त्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर, 'प्रोजेक्ट सेंटरं' असत. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एक प्रोजेक्ट स्वतः करून दाखवायचा असा नियम होता, आणि प्रत्येक गट जिना चढून तो विकत आणायचा असा रिवाज होता. तिथं सगळं तयार मिळायचं. प्रोग्राम, जाडजूड अहवाल, सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग, आणि परीक्षक काय विचारतील त्याची उत्तरंसुद्धा. हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट, हजेरीपट मॅनेजमेंट. इतकी मॅनेजमेंट करणारी पोरं स्वतःची दाढी वेळेवर करत नव्हती. शिक्षकांना हे माहीत होतं, प्राचार्यांना माहीत होतं, झेरॉक्सवाल्याला तर सगळ्यात आधी माहीत होतं.

आमच्या गटात प्राधिकरणातल्या बंगल्यात राहणारी केतकी होती आणि तिच्या मागंपुढं करणारे दोन मुलगे. केतकी वाईट नव्हती. तिला फक्त असं वाटायचं की जगात ज्या गोष्टी आहेत त्या कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या आहेत आणि आपलं काम निवडायचं.

"हॉस्पिटलवालं घेऊ या," ती म्हणाली. "लायब्ररी मागच्या वर्षी खूप जणांनी घेतलं."

"मी विकतचं घेणार नाही," मी म्हणाले.

"अगं, वर्गणीचा प्रॉब्लेम असेल तर आम्ही सांभाळून घेऊ ना."

"वर्गणीचा नाही. विकतचं माझ्या नावावर लावणार नाही."

दोघांतला एक हसला. केतकी हसली नाही; ती खरोखरच काळजीनं म्हणाली, "पण मग तू करणार काय? तुला एकटीला काय जमणारे?"

त्या वाक्यावर मी गट सोडला. आमच्या गाईड सरांनी अर्जावर सही करताना एवढंच म्हटलं, "एकटी? बघ बाई. ओरलला अडकलीस तर मी नाही." ओरलला अडकणं म्हणजे वर्ष जाणं, वर्ष जाणं म्हणजे सवलत जाणं, आणि सवलत गेली की चाकणच्या एखाद्या असेंब्ली लाइनवर निळी टोपी घालून उभं राहणं. तिथं आमच्या चाळीतल्या निम्म्या मुली होत्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला तिथं जायचं नव्हतं.

आमचे घरमालक मूळ गावातले शेतकरी होते. जमीन गेली, पैसा आला, आणि थोरल्या मुलानं, बाळाभाऊनं, तळवड्याच्या रस्त्याला कॅफे टाकला. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, आणि आत ओळीनं कॉम्प्युटर. त्यावर इंटरनेट कुणी बघत नसे. सगळी पोरं एकच ऑनलाइन गेम खेळायची. तलवारी, राक्षस, किल्ले, बाजार. शिफ्ट सुटली की कंपनीचा गणवेशसुद्धा न काढता येऊन बसायची. ज्यांना सुपरवायझरसमोर तोंडातून शब्द फुटत नसे ती तिथं एकमेकांना 'सेनापती' म्हणायची. सकाळी मात्र कॅफे रिकामा असायचा, कारण सेनापती झोपलेले असत किंवा मशीनवर असत. सकाळी काउंटर सांभाळायला बाळाभाऊनं मला ठेवलं होतं. आईचा डबा त्याच्याकडेही जायचा, त्यातून हे काम मिळालं.

"तू खेळत न्हाईस व्हय?" तो विचारायचा.

"नाही."

"पोरींना न्हाई कळायचं ते. लई डोकं लागतं, राव, ह्याला."

हे सांगणाऱ्या माणसाच्या मोबाईलमधले नंबर मी भरून देत होते.

गेमच्या फोल्डरमध्ये मला एक गोष्ट दिसली होती. बाकीच्या फाईली चिमूटभर होत्या आणि एकच फाईल प्रचंड मोठी होती. म्हणजे सगळी चित्रं, आवाज, नकाशे, संवाद, जे काही पडद्यावर दिसतं ते त्या एका गाठोड्यात बांधलेलं असणार. ती साध्या पद्धतीनं उघडली तर नुसता कचरा दिसायचा. मी बाळाभाऊला विचारलं, ह्यात काय आहे माहीत आहे का. तो म्हणाला, "त्ये कंपनीचं शिक्रेट हाय. त्याला कोण हात लावू शकत न्हाई. अमेरिकेत बनवलंय." ती बनवलेली अमेरिकेत नव्हती, पण मला प्रोजेक्ट मिळाला. हे गाठोडं सोडून आतल्या वस्तू वेगळ्या काढणारा प्रोग्राम लिहायचा. कुणाचं चोरायचं नाही, खेळात लबाडी करायची नाही. बांधलंय कसं ते समजून घ्यायचं आणि सोडून दाखवायचं.

फाईल अक्षरांऐवजी आकड्यांत दाखवणारा एक छोटा फुकटचा प्रोग्राम मिळतो. त्यात ती फाईल उघडून मी सकाळी सकाळी बसायचे. शेजारी आईनं दिलेलं धपाटं आणि लसणाची चटणी, रस्त्यावरून कंटेनरचे हॉर्न, आणि समोर आकड्यांच्या ओळी. आठवडे गेले आणि काही कळलं नाही. कॉलेजात विचारलं तर गाईड सर म्हणाले, "एन्क्रिप्शन आहे ते. मोठमोठ्या लोकांना सुटत नाही." सरांनी स्वतः आयुष्यात काही सोडवायला घेतलं असतं तर मी हे ऐकून घेतलं असतं.

एका सकाळी कंटाळून मी नुसतीच ओळी खाली सरकवत होते. आकडे वेडेवाकडे, वेडेवाकडे, आणि अचानक एक पट्टा असा आला की त्यात तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा. साडीच्या काठावर एकच नक्षी परत परत यावी तसे. मग पुन्हा कचरा. आणखी खाली गेले, तर पुन्हा तीच नक्षी. मी हातातलं धपाटं खाली ठेवलं.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अवघड नाही. गेम बनवणाऱ्यांनी किल्ली म्हणून अक्षरांची एक छोटी माळ घेतली होती आणि फाईलच्या प्रत्येक अक्षरात त्या माळेतलं एकेक अक्षर मिसळलं होतं. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. ह्या मिसळण्याची गंमत अशी की तीच माळ पुन्हा एकदा मिसळली की मूळ अक्षर परत मिळतं. आणि शून्यात, म्हणजे जिथं काहीच नाही तिथं, माळ मिसळली तर माळच उरते. गाठोड्यात प्रत्येक वस्तू ठरावीक अंतरावर ठेवायची म्हणून मध्ये मोकळी जागा सोडलेली असते. त्या शहाण्यांनी भरलेल्या खोल्यांबरोबर रिकाम्या खोल्यांनाही कुलपं लावली, आणि प्रत्येक रिकाम्या खोलीच्या दाराला किल्ली लटकत राहिली. ज्याला मोठमोठ्या लोकांना न सुटणारं म्हणायचं ते हे. आणि हे करणाऱ्यांना पगार मिळत होता, खिडकीच्या जागा मिळत होत्या.

त्या माळेनं मी पहिली वस्तू सोडवली. पडद्यावर एक तलवार आली. ह्या तलवारीसाठी पोरं ओव्हरटाइम बुडवत होती. तिच्या पुढची वस्तू सोडवली, ती ह्याहून दुर्मीळ म्हणवणारी तलवार. चित्र तेच होतं. निळ्याचं लाल केलेलं, बस. मला इतकं हसू आलं की दारात भाजी निवडत बसलेली बाळाभाऊची आई दचकली. "काय गं, काय झालं?" "काही नाही, मावशी. तुमच्या पोराचा खजिना बघितला."

पुढचे महिने प्रोग्राम नीट करण्यात गेले. गाठोड्याच्या सुरुवातीला आतल्या वस्तूंची नावं आणि जागा होत्या. ती वाचायची, वस्तूपर्यंत जायचं, माळ मिसळायची, चित्र वेगळं ठेवायचं. अहवाल मी स्वतः टाइप केला. पातळ झाला. सोनेरी अक्षरं नव्हती.

ओरल गुरुवारी होती. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी आणि लाइट जाण्याचा वार, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बुधवारी दुपारी मी बाळाभाऊच्या पेन ड्राइव्हवर माझा प्रोग्राम आणि गेमची ती मोठी फाईल टाकायला लावली आणि अहवाल द्यायला कॉलेजात गेले, कारण कॉपी व्हायला फार वेळ लागत होता. संध्याकाळी त्यानं पेन ड्राइव्ह घरी आणून दिला. "सगळं झ्याक टाकलंय," म्हणाला. सकाळी एकदा तपासावं म्हणून गेले तर लाइट गेलेली, कॅफेचं शटर खाली. अण्णा सुट्टीमुळं घरी होते. त्यांनी इस्त्री नाही म्हणून माझा ड्रेस गादीखाली दाबून ठेवला होता. आईनं बळंच दोन घास भरवले. "घाबरायलीस काय?" तिनं विचारलं. "घाबरायचं त्यांनी," मी म्हणाले. आणि तसंच वाटत होतं.

कॉलेजात जनरेटर होता. माझ्या आधी केतकीचा गट होता. हॉस्पिटल मॅनेजमेंट उघडलं, पेशंट भरला, बिल छापलं. गाईड सरांनी त्यांना जे विचारलं त्याची उत्तरं अहवालाच्या मागच्या पानांवर होती. बाहेरून आलेले परीक्षक हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीतले गृहस्थ होते. ते पोहे खात होते आणि एकदाही वर बघत नव्हते.

मग मी. पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर कचरा आला. नावांच्या जागी चौकोन आणि ठिपके. पुन्हा चालवला. पुन्हा कचरा. मी फाईलची तारीख बघितली आणि कळलं. ती कालची होती. गेमनं नवी आवृत्ती आणली होती, आणि बाळाभाऊनं माझी जुनी फाईल काढून नवी टाकली होती. (नंतर विचारलं तेव्हा तो खरोखर दुखावला. "परीक्षेला शिळं घिऊन जाती व्हय कुणी? म्हणून ताजं टाकलं." जणू मेथीची जुडी.)

गाईड सर खुर्चीत मागं रेलले. "काय झालं? सेंटरवाल्यानं डेमो नीट करून दिला नाही का?"

"मी सेंटरमधून आणलेलं नाही, सर."

"हो का? मग कुठून?" ते परीक्षकांकडे वळून हसले. "एकटीनं घेतलं ना, म्हणून स्वस्तातलं आलं असेल."

सबंध वर्गात एकटी मी जिना चढले नव्हते, आणि चोरीचा आळ माझ्यावर. जिना चढलेले मागं उभे राहून माझ्याकडे दयेनं बघत होते. केतकीसुद्धा. त्या क्षणी मला रडू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला रडू आलं नाही. मला त्या खोलीतल्या प्रत्येकाची किळस आली, आणि किळस आली की माझा हात स्थिर होतो.

"गेम अपडेट झालाय. किल्ली बदललीय," मी म्हणाले. "पुन्हा काढते."

"आता? इथं?" गाईड सर म्हणाले. "पुढची मुलं खोळंबलीत."

पहिल्यांदाच परीक्षक बोलले. पोह्यांची ताटली बाजूला सारून म्हणाले, "काढू द्या की."

मी फाईल आकड्यांत उघडली आणि खाली सरकत गेले. नक्षी दिसली. वेगळी माळ, पण बसवलेली त्याच रिकाम्या जागांत. किल्ली बदलायची अक्कल आली होती, लटकवायची सवय गेली नव्हती. ती माळ वहीच्या पाठीमागं उतरवली, प्रोग्राममध्ये घातली. नावं नीट आली. चित्र उघडलं, तर पुन्हा कचरा.

"झालं?" गाईड सर.

मी वही पुढं ओढली. चित्राच्या फाईलची पहिली काही अक्षरं जगभर ठरलेली असतात; ती मला पाठ होती. ती वहीवर लिहिली, त्याखाली पडद्यावरचा कचरा लिहिला, आणि दोन्ही मिसळून इथं माळेतलं कुठलं अक्षर पडलंय ते बघितलं. माळेच्या मधलं निघालं. म्हणजे पूर्वी प्रत्येक वस्तूला माळ पहिल्यापासून सुरू व्हायची, आता ती सबंध फाईलभर सलग धावत होती. परीक्षक उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

"मधूनच सुरू होते हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"ही तीन अक्षरं माळेत ह्याच क्रमानं येतात, पण सुरुवातीला नाहीत. इथं आहेत," मी बोट ठेवून दाखवलं.

"मग काय बदलशील?"

"एक ओळ."

एक ओळ बदलली आणि चालवलं. पडद्यावर, गाईड सरांच्या बरोबर समोर, पाठीवर पोती लादलेलं एक गाढव उभं राहिलं. मी ते निवडलं नव्हतं. त्या आवृत्तीत नव्यानं आलेली वस्तू म्हणून ते यादीत पहिलं होतं, आणि कालपर्यंत कुणी पाहिलेलंच नव्हतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. गाईड सर हसले नाहीत.

परीक्षकांनी गाढवाकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे, मग सरांकडे. "हे सेंटरमध्ये मिळत नाही, सर," ते म्हणाले. आणि जाऊन उरलेले पोहे खाल्ले.

निकाल लागला तेव्हा केतकीच्या गटाला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. माझा अहवाल पातळ होता, बाइंडिंग साधं होतं, आणि गाईड सरांच्या हातातले गुण त्यांनी हात आखडून दिले. मी तक्रार केली नाही. ज्यांच्या मताला किंमत नाही त्यांच्याकडे पुन्हा कशाला जायचं? ती सेंटरं आजही आहेत, पाट्या मोठ्या झाल्यात. आता मी मुलाखती घेते. समोरच्या पोरांना प्रोजेक्टबद्दल विचारते, आणि ती घडाघडा बोलायला लागली की मी म्हणते, बरं, हे जरा मोडून दाखव आणि पुन्हा जोड. मग ती अहवालाच्या मागच्या पानांवरचं उत्तर आठवायला लागतात. त्या पोरांची मला दया येत नाही. त्यांना जिना दाखवणाऱ्यांचीही नाही.

निकालाच्या संध्याकाळी अण्णांनी गुणपत्रिका हातात धरली आणि विचारलं, "म्हंजी झालीस का इंजिनेर?"

"झाले," मी म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली, आणि ती पदवी ज्या कामावर मिळाली ते काम मी स्वतः केलेलं आहे.